दोन पात्रे आणि एक महानगर : 'द झू स्टोरी' व न्यूयॉर्कची द्विपात्री विनोदी रंगभूमी (१९५८-१९६३)

सारांश

१९५८ ते १९६३ या काळात न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर केवळ दोन पात्रांची, महानगरीय जीवनावरील काही विनोदी नाटके आली. विल्यम गिब्सन यांचे 'टू फॉर द सीसॉ', एडवर्ड अल्बी यांचे 'द झू स्टोरी' आणि मरे शिसगल यांचे 'द टायपिस्ट्स' ही त्यांतील महत्त्वाची उदाहरणे होत. प्रस्तुत लेखात 'द झू स्टोरी' या एकांकिकेला केंद्रस्थानी ठेवून या नाट्यप्रकाराच्या उदयाची आर्थिक, नागरी व सांस्कृतिक कारणे तपासली आहेत. शेजारधर्माचा ऱ्हास हा या नाटकांचा समान विषय असून त्यांतील विनोद हे त्या ऱ्हासाच्या आकलनाचे साधन आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : द्विपात्री नाटक, महानगर, ऑफ-ब्रॉडवे, एडवर्ड अल्बी, सेंट्रल पार्क, विनोद, एकाकीपणा.

१. प्रस्तावना

महानगराचे चित्रण रंगमंचावर करावयाचे म्हटले की नाटककारापुढे पहिली अडचण उभी राहते ती गर्दीची. शहर म्हणजे माणसांची दाटी, आणि ती दाटी दाखवावयाची तर रंगमंचावर माणसे हवीत, असा साधा हिशेब दीर्घकाळ मानला गेला. एल्मर राइस यांच्या 'स्ट्रीट सीन' (१९२९) या नाटकात न्यूयॉर्कमधील एका चाळवजा इमारतीचा दर्शनी भाग आणि तेथील अनेक कुटुंबे रंगमंचावर आली. सिडनी किंग्जली यांच्या 'डेड एन्ड' (१९३५) मध्ये श्रीमंत वस्ती आणि नदीकाठची गरीब वस्ती समोरासमोर उभी राहिली. १९५७ मध्ये ब्रॉडवेवर आलेल्या 'वेस्ट साइड स्टोरी' या संगीतिकेने शहरातील दोन तरुण टोळ्यांचा संघर्ष नृत्यसमूहांच्या द्वारे दाखविला. या तिन्ही कृतींत शहर म्हणजे समूह, हे गृहीतक कायम आहे.

याच्या नेमकी उलट वाट १९५८ नंतरच्या काही नाटकांनी धरली. त्यांनी गर्दी रंगमंचाबाहेर ठेवली आणि फक्त दोन माणसे प्रेक्षकांसमोर आणली. ही नाटके महानगराविषयीच होती. किंबहुना पूर्वीच्या बहुपात्री नाटकांपेक्षा अधिक नेमकेपणाने ती महानगराविषयी बोलत होती. शिवाय ती हसवीत होती. नाटककारांनी दोनच पात्रे का निवडली, ती विनोदाच्या वाटेने का नेली आणि हे सर्व न्यूयॉर्कमध्ये याच काळात का घडले, हे तीन प्रश्न प्रस्तुत लेखाच्या केंद्रस्थानी आहेत.

'द झू स्टोरी'चा अभ्यास बहुधा 'ॲब्सर्ड' रंगभूमीच्या चौकटीत केला जातो. मार्टिन एसलिन यांनी १९६१ मध्ये 'द थिएटर ऑफ द ॲब्सर्ड' या ग्रंथात अल्बी यांचा समावेश केला, तेव्हापासून ही चौकट रूढ झाली. त्यानंतर १९६२ मध्ये रोझ झिंबार्डो यांनी या एकांकिकेतील ख्रिस्ती प्रतीकांची मांडणी केली. ही दोन्ही वाचने उपयुक्त आहेत. परंतु त्यांमुळे नाटकातील रस्त्यांची नावे, भाड्याच्या खोल्या, पगाराचा आकडा आणि बागेतील बाक हे सारे केवळ प्रतीक ठरते. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र हाच तपशील मोलाचा आहे.

२. पार्श्वभूमी : ब्रॉडवे आणि ऑफ-ब्रॉडवे

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रॉडवेवरील नाट्यनिर्मितीचा खर्च सतत वाढत गेला. मोठे नेपथ्य, मोठा नटसंच आणि प्रसिद्ध तारे यांच्याशिवाय निर्माते धोका पत्करण्यास तयार नसत. नव्या, अपरिचित नाटककाराला तेथे प्रवेश मिळणे अवघड झाले. या परिस्थितीतून ऑफ-ब्रॉडवे चळवळ वाढीस लागली. तीनशेहून कमी आसनांची छोटी नाट्यगृहे, जुने तळघर किंवा रूपांतरित सभागृह, कमी मानधन आणि प्रयोगशील वृत्ती ही तिची लक्षणे होती. १९५२ मध्ये 'सर्कल इन द स्क्वेअर' या संस्थेने टेनेसी विल्यम्स यांच्या 'समर अँड स्मोक' या ब्रॉडवेवर फारसे न चाललेल्या नाटकाचे यशस्वी पुनरुज्जीवन केले आणि या छोट्या रंगभूमीकडे समीक्षकांचे लक्ष वेधले. १९५५ मध्ये 'द व्हिलेज व्हॉइस' हे साप्ताहिक सुरू झाले आणि १९५६ पासून त्याने ऑफ-ब्रॉडवे नाटकांसाठी 'ओबी' पुरस्कार देण्यास प्रारंभ केला. अशा रीतीने छोट्या रंगभूमीला स्वतःचे प्रेक्षक, स्वतःचे वृत्तपत्र आणि स्वतःची प्रतिष्ठा प्राप्त झाली.

द्विपात्री नाटक या व्यवस्थेला सोयीचे होते. दोन नट, एक स्थळ, थोडेसे सामान एवढ्यावर प्रयोग उभा राहत असे. तथापि केवळ काटकसरीने हा प्रकार जन्मास आला, असे म्हणणे अपुरे ठरेल. काटकसर ही अट होती. त्या अटीचे रूपांतर आशयात करणे हे नाटककारांचे कार्य होते. ब्रॉडवेवरही या प्रकाराचे एक नाटक याच सुमारास यशस्वी झाले, यावरून हेच स्पष्ट होते.

३. 'टू फॉर द सीसॉ' : दोन खोल्या आणि एक टेलिफोन

विल्यम गिब्सन यांचे 'टू फॉर द सीसॉ' हे नाटक १६ जानेवारी १९५८ रोजी ब्रॉडवेवरील बूथ थिएटरमध्ये आले. दिग्दर्शक आर्थर पेन होते. हेन्री फोंडा आणि ॲन बॅन्क्रॉफ्ट हे दोघेच कलाकार. नेब्रास्का प्रांतातून आलेला, पत्नीपासून दूर झालेला जेरी रायन हा वकील आणि ब्राँक्समध्ये वाढलेली गिटेल मॉस्का ही नर्तिका यांच्या अल्पकालीन सहवासाची ही कथा आहे. रंगमंचावर दोघांच्या भाड्याच्या खोल्या एकाच वेळी दिसतात. प्रत्यक्षात त्या शहराच्या वेगवेगळ्या भागांत आहेत. त्यांना जोडतो तो टेलिफोन.

या रचनेत महानगराचे एक सूत्र आहे. प्रेक्षकाच्या डोळ्यांना दोन माणसे हाताच्या अंतरावर दिसतात. परंतु त्यांना परस्परांपर्यंत पोहोचण्यासाठी तारेची गरज लागते. शारीरिक सान्निध्य आणि मानसिक अंतर यांचा हा विरोध शहरी जीवनातील नेहमीचा अनुभव आहे. नाटकाचा विनोद गिटेलच्या बोलीतून, तिच्या भाबड्या धिटाईतून आणि जेरीच्या शिष्ट संकोचातून निर्माण होतो. शेवटी जेरी पत्नीकडे परततो आणि दोघांचा निरोपही टेलिफोनवरच होतो. नाटकाचे ७५० प्रयोग झाले. या निर्मितीच्या काळात संहितेत झालेले बदल आणि झालेले मतभेद गिब्सन यांनी 'द सीसॉ लॉग' या १९५९ मधील पुस्तकात नोंदवून ठेवले असून ब्रॉडवेच्या कार्यपद्धतीचा तो एक मौलिक दस्तऐवज आहे.

तथापि 'टू फॉर द सीसॉ' हे नाटक प्रेमकथेच्या परिचित चौकटीत राहते. दोन अनोळखी माणसे भेटली की त्यांच्यात प्रेम जुळावे, ही प्रेक्षकांची अपेक्षा ते पूर्ण करते आणि मगच मोडते. अल्बी यांनी ही अपेक्षाच नाकारली.

४. 'द झू स्टोरी'चा प्रवास : न्यूयॉर्क, बर्लिन, न्यूयॉर्क

एडवर्ड अल्बी यांचा जन्म १२ मार्च १९२८ रोजी झाला. अर्भकावस्थेतच त्यांना एका संपन्न कुटुंबाने दत्तक घेतले. दत्तक पित्याचे घराणे 'कीथ-अल्बी' या व्हॉडेव्हिल नाट्यगृहांच्या प्रसिद्ध साखळीशी संबंधित होते. तरुणपणी अल्बी घर सोडून ग्रीनिच व्हिलेजमध्ये राहू लागले आणि उपजीविकेसाठी त्यांनी विविध कामे केली. वेस्टर्न युनियन कंपनीच्या तारा घरोघरी पोहोचविणे हे त्यांपैकी एक. या कामामुळे शहरातील अनोळखी दारे, जिने आणि भाड्याच्या खोल्या त्यांना जवळून पाहावयास मिळाल्या. १९५८ मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी 'द झू स्टोरी' ही एकांकिका लिहिली.

न्यूयॉर्कमधील निर्मात्यांनी ती स्वीकारली नाही. पुढील प्रवास अल्बी यांनी स्वतः प्रस्तावनेत सांगितला आहे. त्यांचे संगीतकार मित्र विल्यम फ्लॅनगन यांनी संहिता फ्लॉरेन्समध्ये राहणारे संगीतकार डेव्हिड डायमंड यांच्याकडे धाडली. डायमंड यांच्याकडून ती झुरिचमधील नट पिंकास ब्राऊन यांच्याकडे गेली. तेथून ती फ्रँकफुर्टच्या एस. फिशर या प्रकाशनसंस्थेच्या नाट्यविभागात स्टेफनी हुन्झिंगर यांच्याकडे आणि अखेर बर्लिनमध्ये पोहोचली. २८ सप्टेंबर १९५९ रोजी पश्चिम बर्लिनमधील शिलर थिएटरच्या 'वेर्कश्टाट' या छोट्या रंगमंचावर, पिंकास ब्राऊन यांच्या जर्मन अनुवादातून, तिचा पहिला प्रयोग झाला. सोबत सॅम्युएल बेकेट यांचे 'क्रॅप्स लास्ट टेप' होते.

अस्सल न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरील ही एकांकिका प्रथम एका परकीय शहरात, परकीय भाषेत उभी राहिली. त्या वेळी बर्लिनची भिंत बांधली गेलेली नव्हती, ती ऑगस्ट १९६१ मध्ये उभी राहिली; परंतु शहर राजकीयदृष्ट्या दुभंगलेलेच होते. एकाच शहरात राहूनही एकमेकांच्या जगात पाऊल न टाकणारी माणसे हा विषय तेथील प्रेक्षकांना अपरिचित असण्याचे कारण नव्हते.

१४ जानेवारी १९६० रोजी हीच जोडी न्यूयॉर्कच्या प्रॉव्हिन्सटाउन प्लेहाउसमध्ये आली. युजीन ओनील यांच्या आरंभीच्या नाट्यजीवनाशी या संस्थेचे नाव निगडित आहे. 'द झू स्टोरी'चे दिग्दर्शन मिल्टन कॅटसेलास यांनी केले. जॉर्ज महारिस यांनी जेरीची व विल्यम डॅनियल्स यांनी पीटरची भूमिका केली. बेकेट यांचे नाटक एकपात्री, अल्बी यांचे द्विपात्री. म्हणजे संपूर्ण संध्याकाळ तीन नटांवर चालत होती. या प्रयोगसंचाने ५८२ प्रयोगांचा पल्ला गाठला. ऑफ-ब्रॉडवेच्या अर्थकारणाचे आणि त्याच्या कलात्मक धाडसाचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

५. बागेतील बाक : एका नागरी आदर्शाची शताब्दी

एकांकिकेचे स्थळ न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क. वेळ उन्हाळ्यातील रविवारची दुपार. रंगमंचावर बागेतील दोन बाक. एका बाकावर पीटर पुस्तक वाचीत बसला आहे. जेरी येतो आणि आपण प्राणिसंग्रहालयात जाऊन आल्याचे सांगतो. पीटरला बोलावयाचे नाही. परंतु सभ्यतेमुळे उठून जाताही येत नाही. सबंध नाट्य या एका अडचणीतून वाढत जाते.

स्थळाची ही निवड इतिहासाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांचा 'ग्रीन्सवर्ड' आराखडा १८५८ मध्ये निवडला गेला आणि त्यानुसार सुमारे ८४३ एकरांचे हे उद्यान आकारास आले. वेगवेगळ्या वर्गांतील नागरिकांनी एकाच मोकळ्या जागेत यावे, एकमेकांना पाहावे आणि त्यातून नागरी सौहार्द वाढावे, हा ओल्मस्टेड यांच्या विचाराचा गाभा होता. उद्यान ही त्यांच्या दृष्टीने लोकशाहीची शाळा होती. या आदर्शालाही आरंभापासून एक काळी किनार होती. उद्यानाच्या जागेसाठी १८५७ मध्ये 'सेनेका व्हिलेज' ही प्रामुख्याने कृष्णवर्णीय नागरिकांची वस्ती उठविण्यात आली होती.

ओल्मस्टेड यांच्या आराखड्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी अल्बी यांनी त्याच उद्यानात दोन वर्गांतील दोन माणसे एका बाकावर आणली आणि त्या आदर्शाचे काय झाले, हे तपासले. अल्बी यांच्या मनात ही शताब्दी होती असे मानण्याची गरज नाही. उद्यानाच्या मूळ हेतूचा विचार केला असता एकांकिकेतील उपरोध अधिक तीव्र होतो, एवढे मात्र निश्चित.

६. उद्यानाच्या दोन बाजू

नाटकातील भूगोल काटेकोर आहे. पीटर पूर्वेकडे, चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर, लेक्सिंग्टन आणि थर्ड ॲव्हेन्यू यांच्या दरम्यान राहतो. चाळिशीच्या आरंभीचा हा गृहस्थ पाठ्यपुस्तके काढणाऱ्या एका छोट्या प्रकाशनसंस्थेत अधिकारी आहे. वार्षिक प्राप्ती सुमारे अठरा हजार डॉलर. पत्नी, दोन मुली, दोन मांजरे, दोन पोपट आणि दोन दूरचित्रवाणी संच असा त्याचा संसार आहे. सर्व गोष्टी दोन-दोन असणे हा विनोदाचा भाग आहे. त्याचबरोबर पन्नाशीच्या दशकातील अमेरिकी सुखवस्तू मध्यमवर्गाचा तो हिशेबही आहे. डेव्हिड रीझमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'द लोन्ली क्राउड' (१९५०) मध्ये आणि विल्यम व्हाइट यांनी 'द ऑर्गनायझेशन मॅन' (१९५६) मध्ये ज्या समरूप, इतरांकडे पाहून वागणाऱ्या नोकरदार माणसाचे वर्णन केले, त्याचाच पीटर हा नाट्यावतार आहे.

जेरी उद्यानाच्या पश्चिमेस, कोलंबस ॲव्हेन्यू आणि सेंट्रल पार्क वेस्ट यांच्या मधल्या भागात, चार मजली तपकिरी दगडी इमारतीच्या वरच्या मजल्यावर मागच्या खोलीत राहतो. अशी अनेक घरे एकोणिसाव्या शतकात एकेका सधन कुटुंबासाठी बांधली गेली. पुढे त्यांच्या खोल्या पाडून भाड्याने देण्यात आल्या. जेरीच्या खोलीची एक भिंत पातळ तक्तपोशीची आहे, म्हणजे मूळच्या एका खोलीचे दोन भाग झाले आहेत. पलीकडच्या भागात एक कृष्णवर्णीय पुरुष किमोनो घालून भुवया कोरीत असतो. पुढच्या खोल्यांत पोर्तो रिकोहून आलेले कुटुंब आहे. एका खोलीतील भाडेकरू जेरीने कधी पाहिलेलाच नाही. तिसऱ्या मजल्यावरील एका बंद दाराआड कुणी बाई सतत रडत असते. महायुद्धानंतर पोर्तो रिकोमधून न्यूयॉर्कला झालेले मोठे स्थलांतर आणि वेस्ट साइडची बदललेली वस्ती यांचा निर्देश या काही वाक्यांत येतो. याच काळात वेस्ट साइडच्या दक्षिण भागातील घरे पाडून लिंकन सेंटर उभारण्याचे काम सुरू झाले. मे १९५९ मध्ये त्याची कुदळ पडली. जेरी ज्या प्रकारच्या घरात राहतो, त्या घरांवर नगररचनाकारांची नजर होती.

जेरीच्या सामानाची यादी प्रसिद्ध आहे. थोडी भांडी, काही पुस्तके, फक्त मोठी अक्षरे उमटविणारे जुने टंकयंत्र आणि दोन रिकाम्या तसबिरी. पीटरच्या घरातील जोड्यांशी या यादीची तुलना सहज होते. तसबिरी दोन आहेत. परंतु त्यांत लावण्यासाठी माणसे नाहीत.

जेरीचा त्या दिवसाचा मार्गही पाहण्यासारखा आहे. प्राणिसंग्रहालय त्याच्या घरापासून उद्यानापलीकडे, चालत जाण्याजोग्या अंतरावर आहे. तरीही तो भुयारी रेल्वेने शहराच्या दक्षिण भागात ग्रीनिच व्हिलेजला जातो आणि तेथून फिफ्थ ॲव्हेन्यूने चालत वर येतो. हा रस्ता वॉशिंग्टन स्क्वेअरपाशी सुरू होतो, आणि प्रॉव्हिन्सटाउन प्लेहाउस तेथून काही पावलांवर होते. म्हणजे जेरीची पायपीट जेथे सुरू झाली, त्याच परिसरात १९६० चा प्रेक्षक बसलेला होता. जवळच्या माणसापर्यंत पोहोचण्यासाठी दूरचा वळसा घ्यावा लागतो, हे नाटकाचे सूत्र प्रेक्षकाला नकाशावर ताडून पाहता येत होते.

७. विनोदाचे स्वरूप

'द झू स्टोरी'चा शेवट मृत्यूत होतो, म्हणून तिला विनोदी म्हणावे काय, असा प्रश्न उपस्थित होतो. एकांकिकेचा मोठा भाग मात्र प्रेक्षकांना हसवीत पुढे जातो आणि त्या हास्याचे तीन टप्पे स्पष्टपणे वेगळे करता येतात.

पहिला टप्पा प्रश्नोत्तरांचा. जेरी विचारतो, पीटर उत्तर देतो. व्हॉडेव्हिलमध्ये दोन विनोदी नटांची जोडी लोकप्रिय होती. त्यांपैकी एक खोड्या काढी आणि दुसरा गंभीर चेहऱ्याने त्याला उत्तरे देई. ज्या घराण्याने व्हॉडेव्हिलची नाट्यगृहे चालविली, त्या घराण्यात वाढलेल्या अल्बी यांना ही रचना परकी नव्हती. पीटर हा गंभीर चेहऱ्याचा जोडीदार होय. मात्र येथील प्रश्न चेष्टेचे नसून खानेसुमारीचे आहेत. उत्पन्न किती, राहणे कोठे, मुले किती, मुलगा का नाही, अशा प्रश्नांनी सभ्य माणसाचे खाजगी आयुष्य दहा मिनिटांत उघडे पडते. प्रेक्षक हसतो तो पीटरच्या अवघडलेपणाला. आणि तो अवघडलेपणा प्रेक्षकाचा स्वतःचाही असतो.

दुसरा टप्पा जेरीने सांगितलेल्या कुत्र्याच्या गोष्टीचा. घरमालकिणीचा काळा कुत्रा जेरी घरात शिरताना त्याच्या अंगावर येतो, बाहेर जाताना मात्र कधीच येत नाही. हा तपशील हास्यास्पद वाटतो, पण त्यात उंबरठ्याचे संपूर्ण समाजशास्त्र आहे. जाणाऱ्याला शहर अडवीत नाही, येणाऱ्याला अडविते. जेरी आधी मांसाचे तुकडे देऊन कुत्र्याला वश करू पाहतो. ते साधत नाही तेव्हा विष घालतो. कुत्रा आजारी पडतो, पण वाचतो. त्यानंतर दोघांमध्ये एक तह होतो. कुत्रा अंगावर येत नाही, जेरी त्याच्या वाटेस जात नाही. जेरीला निर्धास्त प्रवेश मिळतो. परंतु प्रेम आणि द्वेष या दोन्हींतून जो संबंध निर्माण झाला होता, तो संपुष्टात येतो.

महानगरीय सभ्यतेचे इतके नेमके वर्णन नाट्यवाङ्मयात क्वचितच आढळते. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०३ मधील महानगरविषयक निबंधात असे दाखवून दिले होते की, असंख्य संपर्कांच्या माऱ्यापासून स्वतःस वाचविण्यासाठी शहरी माणूस अलिप्ततेचे कवच धारण करतो. जेरी आणि कुत्रा यांचा तह हे त्याच कवचाचे नाट्यरूप होय. अल्बी त्यात एक गोष्ट अधिक सांगतात. कवचामुळे इजा टळते, हे खरे. पण त्या कवचाची किंमत दोघांनाही मोजावी लागते.

तिसरा टप्पा गुदगुल्यांचा. गोष्ट ऐकून हादरलेला पीटर घरी जाण्याच्या तयारीत असता जेरी त्याला गुदगुल्या करतो. पीटर हसत सुटतो आणि घरी पोपट स्वयंपाक करीत असतील, मांजरे पाने मांडीत असतील, असे काही असंबद्ध बोलू लागतो. आयुष्यभर जपलेला त्याचा तोल या एका क्षणी सुटतो. हे हास्य शरीरातून आलेले आहे, बुद्धीतून नव्हे. आणि नेमके याच ठिकाणी नाटक वळण घेते. जेरी त्याला बाकावरून ढकलू लागतो. घर, संसार, नोकरी सर्व काही असलेला पीटर सार्वजनिक उद्यानातील एका बाकासाठी इरेस पेटतो. ओल्मस्टेड यांनी सर्वांसाठी कल्पिलेल्या जागेवर एक नागरिक खाजगी मालकी सांगतो. प्रेक्षक या हट्टालाही हसतो. पण तेवढ्यात सुरी बाहेर येते, आणि जेरी ती पीटरच्या हाती जाऊ देऊन स्वतःच तिच्यावर झेप घेतो. मरता मरता तो पीटरचे आभार मानतो, सुरीवरील ठसे पुसतो आणि त्याला पुस्तक घेऊन निघून जाण्यास सांगतो.

हास्य थांबते तेव्हा प्रेक्षकाला हिशेब द्यावा लागतो. ज्या अलिप्ततेला तो आतापर्यंत हसत होता, तीच या मृत्यूची साक्षीदार असते. विनोद वगळला तर ही एकांकिका उपदेश ठरली असती. विनोदामुळे प्रेक्षक तिच्यातील दोषाचा भागीदार होतो.

८. 'द टायपिस्ट्स' : कचेरीतील एक दिवस

याच परंपरेतील पुढचे महत्त्वाचे नाटक मरे शिसगल यांचे 'द टायपिस्ट्स' होय. लंडनमध्ये १९६० मध्ये प्रथम सादर झालेली ही एकांकिका 'द टायगर' या दुसऱ्या द्विपात्री एकांकिकेसह ४ फेब्रुवारी १९६३ रोजी न्यूयॉर्कच्या ऑर्फियम थिएटरमध्ये आली. ईलाय वॉलक आणि ॲन जॅक्सन या पती-पत्नींनी त्यांत भूमिका केल्या.

पॉल आणि सिल्व्हिया हे दोन टंकलेखक एका कचेरीत पत्ते टंकित करीत बसतात. बाह्यतः एका दिवसाचे काम चालू आहे. परंतु सकाळी विशीत असलेली ही माणसे संध्याकाळपर्यंत साठीला पोहोचतात. पॉल कायद्याचे शिक्षण पूर्ण करून ही नोकरी सोडणार आहे, असे तो दिवसभर म्हणत राहतो, आणि दिवस, म्हणजेच आयुष्य, संपते. विनोद काळाच्या या संक्षेपातून निर्माण होतो. शहरातील अनोळखी लोकांचे पत्ते हे दोघे आयुष्यभर लिहितात. शेजारच्या मेजावरील माणसापर्यंत मात्र पोहोचू शकत नाहीत.

तिन्ही नाटके एकत्र पाहिली असता शहरातील तीन जागा समोर येतात : भाड्याची खोली, सार्वजनिक बाग आणि कचेरी. राहणे, विसावणे आणि राबणे या शहरी जीवनाच्या तिन्ही अंगांत दोन माणसांमधील अंतर तेवढेच आहे, असे या नाटकांचे एकत्रित सांगणे आहे.

९. मर्यादा आणि उत्तरकालीन वाद

द्विपात्री रचनेची एक मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. दोन पात्रे रंगमंचावर ठेवताना उरलेले शहर बोलणाऱ्याच्या शब्दांत उरते. 'द झू स्टोरी'त पोर्तो रिकोचे कुटुंब, कृष्णवर्णीय भाडेकरू आणि रडणारी स्त्री यांना स्वतःचा आवाज नाही. ते जेरीच्या एकाकीपणाचे पुरावे म्हणून येतात. घरमालकिणीचे चित्र तर उघड तिरस्काराचे आहे. पीटरची पत्नी केवळ उल्लेखापुरती उरते. न्यूयॉर्कच्या सामाजिक इतिहासासाठी या एकांकिकेचा आधार घेताना कोण बोलते आणि कोणाविषयी बोलले जाते, हा भेद विसरता कामा नये.

पीटरच्या बाबतीत ही उणीव अल्बी यांनाही जाणवली असावी. २००४ मध्ये त्यांनी 'होमलाइफ' हा नवा पूर्वांक लिहिला आणि हार्टफर्ड स्टेज या संस्थेने तो मूळ एकांकिकेसह सादर केला. त्यात पीटर आणि त्याची पत्नी ॲन ही दोनच पात्रे आहेत. उद्यानात जाण्यापूर्वी घरातही पीटर पुस्तकात डोके घालून बसलेला असतो आणि पत्नीला त्याच्याशी बोलावयाचे असते. अनोळखी माणसाशी तुटलेला संवाद मुळात घरातच तुटलेला होता, असा अर्थ त्यातून निघतो. २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या सेकंड स्टेज थिएटरमध्ये 'पीटर अँड जेरी' या नावाने हे दोन्ही अंक सादर झाले. पुढे 'ॲट होम ॲट द झू' हे शीर्षक रूढ झाले. यापुढे व्यावसायिक निर्मात्यांनी दोन्ही अंक एकत्रच करावेत, असा अल्बी यांनी आग्रह धरला तेव्हा त्यावर टीका झाली. पन्नास वर्षे स्वतंत्रपणे उभी असलेली कृती तिच्या कर्त्याला अपुरी ठरविता येते काय, हा प्रश्न अल्बी यांच्या २०१६ मधील निधनानंतरही उरला आहे. या वादात एक गोष्ट मात्र लक्षणीय आहे. नवा अंक लिहितानाही अल्बी यांनी रंगमंचावर एका वेळी दोनच माणसे ठेवली.

१०. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) न्यूयॉर्कमधील द्विपात्री विनोदी नाटकाच्या उदयास ऑफ-ब्रॉडवेच्या अर्थव्यवस्थेने अनुकूल भूमी दिली; परंतु त्याचा आशय महायुद्धोत्तर नागरी परिवर्तनातून आला.

२) या नाटकांनी महानगराची गर्दी रंगमंचाबाहेर ठेवून शहराचा प्रश्न संख्येकडून संबंधाकडे वळविला. लाखो लोकांच्या शहरात दोन माणसे बोलू शकतात काय, हा तो प्रश्न होय.

३) 'द झू स्टोरी'तील स्थळे, रस्ते आणि वस्तू केवळ प्रतीके नसून १९५८ च्या न्यूयॉर्कच्या वर्गरचनेचे, स्थलांतराचे आणि गृहव्यवस्थेचे पुरावे आहेत. सेंट्रल पार्कच्या मूळ नागरी आदर्शाच्या संदर्भात पाहिल्यास या एकांकिकेचा उपरोध अधिक स्पष्ट होतो.

४) या नाटकांतील विनोद करमणुकीपुरता नाही. सभ्य अलिप्ततेला प्रेक्षक आधी हसतो आणि मग तीत स्वतःला ओळखतो. ही ओळख पटविणे हे त्या विनोदाचे कार्य आहे.

५) द्विपात्री रचनेमुळे शहरातील दुर्बल घटक बहुधा उल्लेखापुरते उरतात. नाटकाचा ऐतिहासिक साधन म्हणून उपयोग करताना ही मर्यादा विचारात घ्यावयास हवी.

उद्यानातील बाक सर्वांचा असतो, म्हणूनच तो कोणाचाच नसतो, असे सामान्यतः मानले जाते. अल्बी यांच्या एकांकिकेत त्या बाकासाठी एक जीव जातो आणि दुसरा माणूस आपले पुस्तक उचलून पळत सुटतो. शेजारधर्म नसलेल्या शहरात सार्वजनिक जागा उरतात. सार्वजनिक जीवन उरतेच असे नाही, हा या नाटकाचा इतिहासाला दिलेला इशारा आहे.